दरबारांना दिसत नाही

संवत १९६८, वैशाख बदी ३

दुपारी आमझरच्या शिकारकोठीवर पोचलो. बैलगाडीत एका बाजूला माझी रंगांची पेटी, दुसऱ्या बाजूला अजमेरच्या अमानत उस्तादांचा कॅमेरा, आणि मध्ये मी, दोन्ही सांभाळत. उस्ताद मागून घोड्यावर होते. दर वळणावर ओरडायचे, "चितारे, माझ्या काचा! तुमची हाडं मोडली तरी चालतील."

ही वही रंगांच्या कृती लिहायला आणली होती. पण इथे मनातलं बोलावं असं कोणी नाही, म्हणून थोडं हेही लिहीन.

धौलगढच्या दरबारांनी, म्हणजे आमच्या राजांनी, वर्षाचा पहिला वाघ मारला की आमच्या घरातून त्याचं चित्र जायचं, अशा सात पिढ्या झाल्या. गेली दोन वर्षं वाघ नाही आणि चित्रही नाही. दरबार ओदीत, म्हणजे शिकारीच्या बुरुजात बसतात, हाका होतो, वाघ येऊन निघून जातो, बंदूक वाजत नाही. गावात सगळे म्हणतात, डोळे गेले. यंदा त्यांच्या मुलाने, कुंवरसाहेबांनी, फोटोवाला बोलावला. त्यावर दरबार म्हणाले म्हणे, "कॅमेरा तुमच्यासाठी. माझ्यासाठी कजोडला बोलवा."

निघताना धापू म्हणाली, "अहो, सात पिढ्या वाघ काढताय, एकाने तरी जिवंत बघितलाय का? आता बघाल. आणि तोही तुम्हाला बघेल." हसायला लागली, मग डोळ्याला पदर लावला. बायकांचं काही कळत नाही.

वैशाख बदी ५

दरबारांना मुजरा केला. खाली अंगणात बसून कुंचला बांधायला घेतला, खारीच्या शेपटीचा, टोकाला एकच केस उरेल असा. दरबार वर सज्जात पाय पसरून बसले होते. वरूनच म्हणाले, "कजोड, केस दुभंगलाय तुझा."

पाहिलं तर खरंच दुभंगला होता.

मला बाबा आठवले. ते मोतीबिंदूने गेले होते, म्हणजे डोळ्यांनी. शेवटची तीन वर्षं त्यांना काही दिसत नव्हतं, पण ते कधी कबूल झाले नाहीत. असंच काहीतरी फेकायचे, "पिवळा पातळ झालाय रे," आणि नेमकं बरोबर निघायचं. आयुष्यभराची सवय, आवाजावरून, वासावरून अंदाज. मी केस पुन्हा पुन्हा ओठांत धरत होतो, त्यावरून दरबारांनी ओळखलं असणार. बाबा रोज कागदावर हात फिरवायचे, मी ती पानं गुपचूप पुन्हा काढायचो आणि संध्याकाळी त्यांना सांगायचो, "बाबा, तुमची रेघ आज काय उतरलीये!" ते खूश व्हायचे.

दरबारांचा डावा हात मांडीवर उताणा पडलेला होता. कोणीतरी काहीतरी ठेवेल म्हणून वाट पाहणारा हात. तो वहीत काढून ठेवलाय.

वैशाख बदी ८

रोडा भील भेटला. इथला मुख्य पागी तो, म्हणजे माग काढणारा. वय माझ्याएवढंच, अंगावर एक लंगोटी आणि जीभ वस्तऱ्यासारखी.

"तूच का तो, कागदावर वाघ मारणारा?"

"हो."

"बरं आहे. सावलीत बसून."

त्याने मला झऱ्यापाशी नेलं. ओल्या मातीत पंजा उमटला होता, माझ्या पसरलेल्या हाताएवढा, आणि त्यात थोडं पाणी साचून आभाळ दिसत होतं. मी गुडघे टेकून बघतच राहिलो. रोडा म्हणाला, "ही घाटवाली. सात वर्षांची वाघीण. रानात पाणी आटलं की इथेच येते. दरबारांची ओळखीची आहे."

"ओळखीची म्हणजे?"

"म्हणजे ओळखीची. तुझ्या गावात माणसं एकमेकांना ओळखत नाहीत का?"

भिल्लांचं बोलणं असंच, आडवंतिडवं.

वैशाख बदी ११

आज ओदीत बसलो. झऱ्यासमोर दगडी बुरूज आहे, आत दोन माणसं मावतील एवढी खोली, भिंतीत बंदुकीसाठी उभ्या फटी. हाका नव्हता. दरबार म्हणाले, "आज नुसती वाट बघू." उन्हं कलायला लागली होती. बहाव्याची पिवळी फुलं पाण्यावर पडत होती आणि प्रत्येक फूल पडलं की त्याखाली एक फूल वर येऊन त्याला भेटत होतं. किती वेळ गेला कळलं नाही. मला वाटतं मी जागा होतो.

मग ती तिथे होती. आली नाही, होती. मघाशी जे वाळलेलं गवत होतं तेच आता वाघीण झालं होतं. आमच्या खाक्यांतला, म्हणजे सुईने टोचून ठेवलेल्या नमुन्यांतला वाघ, आजोबांनी टोचलेला, त्याचे डोळे बदामी, मिशा वळलेल्या, चेहरा एखाद्या रागावलेल्या मामासारखा. हिचा चेहरा कशासारखाच नव्हता. ती पाणी प्यायली आणि तिच्या जिभेचा आवाज माझ्या छातीत आला. पाण्यात दुसरी वाघीण तिच्या तोंडाला तोंड लावून पीत होती. सगळं रान तिच्याकडे झुकल्यासारखं, थोडं तिरपं. माझा श्वास, दरबारांचा श्वास आणि तिचं पिणं एका लयीत चाललं होतं, आणि मला वाटलं, हे असंच चालू राहिलं तर आपण म्हातारे होऊ आणि आपल्याला कळणारही नाही.

ती गेली. दरबारांची बंदूक भिंतीला टेकलेलीच होती. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "काही आलं होतं का रे? मला दिसलं नाही."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या रोगात येतं पाणी, बाबांनाही यायचं.

म्हणालो, "हुकम, मलाही नीट दिसलं नाही. उन्हाची तिरीप होती."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

वैशाख बदी १३

रेखाटन दाखवलं. दाखवलं म्हणजे त्यांच्या हातात दिलं. म्हणाले, "डावा कान फाटका आहे तिचा. तू अखंड केलास." रोडाने सांगितलं असणार. मग विचारलं, "एका चित्रात वाघ किती वेळा काढता रे तुम्ही?"

"पाच वेळा, हुकम. येताना, पाणी पिताना, झेप घेताना, गोळी लागताना आणि पडलेला."

"आणि मला?"

"आपल्याला तीन वेळा. घोड्यावर, ओदीत, आणि वाघापाशी उभं."

"पहिले दोन वाघ काढ. बाकीचं राहू दे."

"मग अर्धा कागद कोरा राहील, हुकम."

"राहू दे. कोऱ्या कागदाने काय घोडं मारलंय?"

न दिसणाऱ्या माणसाला कोरं काय आणि भरलेलं काय. मला वाईट वाटलं, पण त्या गमतीला हसलो.

वैशाख सुदी २

अमानत उस्तादांनी मला कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली घेतलं. आत काचेवर सगळं रान उलटं लटकलं होतं, झाडं आभाळातून खाली वाढलेली, झऱ्याचं पाणी वर, आणि त्यातून एक मोर पाय वर करून शांतपणे चालत गेला. मला बाहेरच येववेना.

"वाघीण आली तर अशीच दिसेल?" मी विचारलं.

"जिवंत आली तर धूर दिसेल नुसता. ती हलणार, काच थांबणार नाही." उस्ताद घाम पुसत म्हणाले. "माझ्या धंद्याला मेलेलाच वाघ लागतो, चितारे. जिवंत तुमच्याकडे."

मला इतके दिवस त्यांची भीती वाटत होती, पोटावर पाय येईल म्हणून. आज वाटली नाही. तेही बिचारे घरी पाच मुली ठेवून आलेत. आम्ही दोघांनी एकाच थाळीत बाटी कुस्करून खाल्ली.

वैशाख सुदी ६

दीवान कोठारीजी आले. मला बाजूला, आंब्याखाली नेलं.

"कजोडजी, तुम्ही ओदीत त्यांच्याशेजारी बसता. खरं सांगा. दिसतं का त्यांना?"

मी जमिनीकडे बघितलं. तेवढ्यात त्यांना कळलं.

"मला वाटलंच. कुंवरसाहेबांनी डोळ्यांचा डॉक्टर बोलावला तर त्याला दारातून परत पाठवलं." कोठारीजी जुने, दरबारांच्या वडिलांपासूनचे. "जेठ बदी चौथीला इंग्रज सरकारचे एजंटसाहेब येतायत. त्यांच्यासमोर यंदाही बंदूक वाजली नाही तर ते वर लिहिणार, राजा कामातून गेला, अधिकार मुलाकडे द्या. आणि मुलाने हे सगळं रान रेल्वेच्या ठेकेदाराला तोडायला द्यायचं कबूल केलंय. आमझर, घाट, सगळं. रुळांखाली घालणार."

"मग?"

"रोडा खाली खडकामागे दुसरी बंदूक घेऊन बसेल. वाघीण आली की तुम्ही बाजूच्या फटीतून पांढरा रुमाल बाहेर काढा. तो मारेल. गोळी कोणाची ते कोण विचारतंय? फोटो दरबारांचा निघेल."

"दरबारांना हे—"

"त्यांना सांगायचं नाही. रजपुताला असं सांगतात का?"

मी हो म्हणालो. परक्या माणसाने मागितलं असतं तर नसतं म्हटलं. पण एका म्हाताऱ्याचे डोळे आपण व्हायचं, हे मला येतं. मी हे आधी केलेलं आहे.

वैशाख सुदी १२

रोज ओदीत बसतो. ती रोज येत नाही. आली की दरबार म्हणतात, "कजोड, काय दिसतंय ते हळू सांग," आणि मी सांगतो. मी सांगत असताना त्यांचा चेहरा इतका शांत होतो, जसा देवळात आरतीनंतर. एकदा मी सांगायचा थांबलो तरी तो तसाच होता.

कालपासून रुमाल माझ्या अंगरख्यात आहे. धुऊन वाळवलेला. त्याचं वजन लागतं.

जेठ बदी ४

झालं.

एजंटसाहेब सकाळीच आले, लालबुंद, टोपीने वारा घेत. कुंवरसाहेब त्यांच्याबरोबर समोरच्या मचाणावर बसले. मी आणि दरबार ओदीत. दूरवर हाक्याचे ढोल सुरू झाले. आधी मोर पळाले, मग सांबर, मग रान एकदम मोकळं झालं.

घाटवाली चालत आली, धावत नाही. ढोल जणू दुसऱ्या कोणासाठी वाजत होते. दरबारांनी बंदूक उचलली, नळी फटीतून बाहेर काढली, गाल दस्त्याला लावला. मला वाटलं, आवाजाचा अंदाज घेतायत. बोट घोड्यावर होतं. मी मनात मोजत होतो. नळी तिच्या चालीबरोबर हळूहळू सरकत होती, सावलीसारखी, आणि मग थांबली. दरबारांनी एक लांब श्वास सोडला, नळी आत घेतली आणि बंदूक मांडीवर ठेवली. "जाऊ दे," असं काहीतरी पुटपुटले. हरलेला माणूस कसा असतो ते मी पाहिलं. म्हटलं, आता आपलं काम.

मी रुमाल बाहेर काढला.

आवाज इतका मोठा होता की काही वेळ तो आवाज नव्हताच, पांढरं काहीतरी होतं. ती बसली. मग आडवी झाली, जशी कोणी उन्हात आडवी होते. बहाव्याची फुलं पडत राहिली.

दरबारांनी माझ्या हातातल्या रुमालाकडे तोंड केलं. मग माझ्याकडे. मी रडत होतो आणि हसतही होतो. म्हणालो, "हुकम, लागली! आपली गोळी लागली!"

समोरून टोप्या हलवत ओरडा चालू होता. मी त्यांची बंदूक घेतली; नळी गार होती, दोन्ही काडतुसं आत. ती मी काढून खिशात टाकली, कोणी बघू नये म्हणून.

मग त्यांनी हात पुढे केला. "कजोड, पायऱ्या उतरताना धर मला. मला दिसत नाही."

पहिल्यांदाच तोंडाने कबूल झाले. बाबा शेवटपर्यंत झाले नव्हते. मी त्यांचा हात धरला, एकेक पायरी सांगत उतरवलं.

खाली रोडा उभा होता. माझ्याकडे येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "चितारा, रुमाल का काढलास? नळी आत गेलेली मी पाहिली. मला वाटलं दरबारांचाच हुकूम फिरला, म्हणून मारली."

"त्यांना दिसत नव्हतं रे."

रोडाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी एखाद्या परक्या भाषेत बोललो. "दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर बसतोय. उडत्या पोपटाची चोच कुठल्या रंगाची ते—"

"रोडा," दरबार म्हणाले. "गप."

वाघ मारला त्याने आणि नाव दुसऱ्याचं. त्याचंही मन दुखणारच.

जेठ बदी ४, तिन्हीसांजेला

फोटोचं लिहायचं राहिलं. वाघिणीला अंगणात आणलं. उस्तादांनी तिच्या हनुवटीखाली बेचक्याची काठी रोवली, जबडा खुंटीने उघडला, अंगावर पाणी मारून पट्टे चमकवले. माश्या हाकलायला एक जण झुडपामागे बसला. दरबार तिच्यालगत खुर्चीवर, कुंवरसाहेब आणि एजंटसाहेब दोन्हीकडे. उस्ताद ओरडले, "कोणी हलायचं नाही!" सगळे दगड झाले.

काच धुतल्यावर कळलं, एकटे दरबार हलले होते. बाकी सगळं स्वच्छ, वाघिणीची एकेक मिशी मोजावी अशी. फक्त दरबारांच्या चेहऱ्याच्या जागी धुकं. ज्या क्षणी सगळ्यांनी समोर पाहिलं, त्या क्षणी त्यांनी खाली पाहिलं असणार, खुर्चीपाशी.

जेठ बदी ९

एजंटसाहेबांना फोटो आजच हवा. उस्तादांनी कागद माझ्यापुढे ठेवला. "चितारे, इज्जत वाचवा."

मी धुक्यावर दरबारांचा चेहरा काढला. डोळे काढायला सगळ्यात वेळ लागला. करारी, समोर रोखलेले, शिकाऱ्याचे. उस्ताद भिंग लावून म्हणाले, "वल्ला! फोटोत हेच तेवढे जिवंत वाटतात."

एजंटसाहेब खूश होऊन गेले. कोठारीजी म्हणाले, अधिकार दरबारांकडेच राहणार, आणि ठेकेदाराला नकार गेला. रान राहिलं. जाताना त्यांनी माझे हात हातात घेतले. मी काहीतरी चांगलं केलं आहे.

कुंवरसाहेब मात्र माझ्यापाशी येऊन म्हणाले, "बापूंनी काल मला सांबराच्या शिंगांना किती फाटे ते पल्याडच्या डोंगरावरून सांगितलं. आणि त्या दिवशी तू त्यांना एकेक पायरी सांगत उतरवलंस..." आणि मान हलवून घोड्यावर बसले. मुलाला बापाचं आंधळेपण मानवत नाही. मी हे जाणतो.

जेठ सुदी ५

धौलगढला परत. दरबारांनी मला वाड्यातच ठेवून घेतलं, तळ्याकडच्या खोलीत. चित्र तिथेच करतो. ती एकदा गवतातून येते, एकदा पाणी पिते. बाकी कागद कोरा. रोज संध्याकाळी दरबार येतात, कागदावर हात फिरवतात, आणि मी त्यांचं बोट तिच्यावर नेऊन ठेवतो.

"कुठे पडलेली तर नाही ना काढलीस?"

"नाही, हुकम."

"बरं."

चारचौघांत ते इतके बेमालूम वावरतात की कोणाला संशय यायचा नाही. कागद वाचतात, घोड्यावर बसतात, हजार माणसांत नावानिशी हाक मारतात. फक्त माझ्यापाशी आले की हात पुढे करतात आणि चाचपडत बसतात. एवढा विश्वास त्यांनी दुसऱ्या कोणावर टाकला नाही. धापूला कळवलं. तिने लिहवून पाठवलं, "जपून राहा." कशापासून, ते नाही लिहिलं.

आषाढ बदी १

चित्र पुरं झालं. खाली नेहमी लिहितात तसं लिहायला घेतलं, अमुक तिथीला श्री दरबारांनी वाघीण मारली. दरबार म्हणाले, "ते नको. लिही, अमुक तिथीला पाणी प्यायला आली." तसं लिहिलं.

मग दोघे तळ्याकाठी जाऊन बसलो. ढग होते, पाऊस नव्हता. सगळा उजेड पाण्यातूनच येत होता.

"सांग," ते म्हणाले.

मी सांगायला लागलो. पलीकडच्या काठावर धोबी निघालेत. एका नावेत कोणी झोपलंय, नाव आपोआप फिरतेय. मधल्या बेटावर बगळे उतरलेत.

"किती?"

मी मोजले. "अकरा, हुकम."

दरबार त्या दिशेला तोंड करून बसले होते. डोळे अर्धे मिटलेले, चेहरा ओदीतल्यासारखा शांत. किती वेळ गेला कोण जाणे. झोपेत बोलावं तसं म्हणाले, "बारा. एक खडकाच्या फटीत आहे, मान आत घेऊन. त्याचा पाय दुखावलाय."

आणि लगेच त्यांचा मांडीवरचा हात मुठीत मिटला.

मी उठून घाटाच्या अगदी टोकाला गेलो. डोळ्यांवर हात धरून बघितलं. बराच वेळ खडक नुसता खडक होता. मग त्यात एक पांढरी रेघ दिसली, माझ्या एका केसाच्या कुंचल्याने ओढावी तेवढी, आणि ती एका पायावर उभी होती.

मागे वळायला मला किती वेळ लागला ते मला लिहिता येत नाही. पाण्याकडे तोंड करून मी उभा होतो आणि माझ्या उजव्या हाताची बोटं रुमाल धरल्यासारखी मिटली होती.

परत आलो तेव्हा दरबार माझ्याकडेच बघत होते. अगदी सरळ, माझ्या डोळ्यांत. मग त्यांनी नजर हळूच सोडली, पाण्यावर कुठेतरी, आणि हात पुढे केला, हवेत, मी जिथे नव्हतो तिथे.

"काय रे? आहे का बारावा?"

"नाही, हुकम," मी म्हणालो. "अकराच आहेत."

त्यांचा हात अजून हवेत होता. तो मी धरला, शेजारी बसलो, आणि नावेतला माणूस आता जागा झालाय, ते सांगायला लागलो.